प्रश्न तुमचे : कागद खरा, मशीन दुसरंच

या विषयावरची पत्रं बहुतेक निनावी असतात. पाकिटावर पोस्टाचा शिक्का असतो म्हणून गाव कळतं, आत नाव नसतं. प्रश्न मात्र फिरूनफिरून एकच असतो : ऑपरेशन न करता छाती वाढवता येते का? इतकी वर्षं मी अशा पत्रांना अंकाच्या कोपऱ्यात दोन ओळींत वाटेला लावत होते. या वेळी इचलकरंजीच्या एका वाचक बाईंनी पत्रासोबत चक्क शोधनिबंधाची झेरॉक्स जोडली, त्यामुळे संपादकांकडून जास्तीची पानं मागून घेतली आहेत. त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझं लेडीज पार्लर आहे. एक एजंट व्हॅक्यूमचं मशीन दाखवून गेला. दोन पारदर्शक कप छातीला लावायचे, वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा. दहा सिटिंगमध्ये एक साइज वाढते, गॅरंटी म्हणतो. पुरावा म्हणून अमेरिकन डॉक्टरांच्या संशोधनाची झेरॉक्स दिली, ती सोबत पाठवते. कागद खरा आहे का? मशीन पासष्ट हजारांचं आहे, हप्त्यानं देतो म्हणतो. घेऊ का? (इचलकरंजी)

कागद खरा आहे. मी तो पूर्वीच वाचलेला आहे आणि ऑपरेशनविना स्तनवाढीवर जे काही छापून आलंय त्यात हा निबंध त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

जून २०००मध्ये 'प्लास्टिक अँड रिकन्स्ट्रक्टिव्ह सर्जरी' या नियतकालिकात तो आला. मायामीचे डॉ. रॉजर खौरी हे प्लास्टिक सर्जन, त्यांची ही कल्पना. त्वचा, हाड, मऊ भाग, काहीही हळूहळू आणि सतत ताणत ठेवलं तर पेशी वाढतात, हे सर्जन मंडळींना आधीपासून ठाऊक होतं. रशियात इलिझारोव्ह यांनी याच तत्त्वावर माणसांच्या पायाची हाडं लांब करून दाखवली होती. खौरींनी तेच स्तनांवर करून पाहिलं. कडेला मऊ जेलची गादी असलेले दोन अर्धगोल, ते जागेवर राहावेत म्हणून वरून घट्ट ब्रा, आणि आतली हवा मोजून मापून ओढणारा छोटा पंप. या पद्धतीचं नाव ब्राव्हा.

आता आकडे बघा. १७ बायकांनी सुरुवात केली. रोज १०ते १२ तास, १० आठवडे. त्यातल्या पाचजणींना ते जमलं नाही, त्या गळाल्या. उरलेल्या १२ जणींत दहाव्या आठवड्याला सरासरी ९८ टक्के वाढ मोजली गेली. तुमच्या एजंटानं पिवळ्या मार्करनं हाच आकडा रंगवलाय. त्याच परिच्छेदात खाली लिहिलंय ते मात्र रंगवलं नाही : वापर थांबवल्यावर पहिल्याच आठवड्यात बरीचशी वाढ उतरली आणि शेवटी टिकली ती सरासरी ५५ टक्के. तीही कुणाला १५, कुणाला ११५. आणि ५५ टक्के कशाचे? मुळात लहान स्तन असलेल्या बायकाच निवडल्या होत्या, तेव्हा थोड्याचे ५५ टक्के.

एका गोष्टीचं श्रेय दिलं पाहिजे. ही नुसती सूज आहे की काय, हा संशय खौरींच्याही मनात होता. म्हणून एमआरआय काढले. त्यात पाणी साठलेलं दिसलं नाही, चरबी आणि ग्रंथी दोन्ही प्रमाणात वाढलेल्या दिसल्या. त्या दहा आठवड्यांत बायकांचं वजन वाढलं नव्हतं, उलट थोडं घटलंच होतं, त्यामुळे 'अंग सुटलं म्हणून छाती भरली' असंही म्हणता येत नाही. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, बायका बाराच, आणि मोजणारे डॉक्टर स्वतःच त्या उपकरणाचे जनक. एवढ्यावर मी कुणाला 'घ्या' म्हणणार नाही.

पुढे २००७मध्ये व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी हेच उपकरण ५० जणींना दिलं. ४० जणींनी शेवटपर्यंत वापरलं, रोज सरासरी ११ तास, जवळपास साडेअठरा आठवडे. हाती लागलं साधारण १५५ मिलिलिटर. आपली आमटीची वाटी एवढीच असते. म्हणजे फळ मिळतं, नाही असं नाही. पण चार महिन्यांहून जास्त काळ रोज रात्री छातीवर दोन घुमट चढवून उताणं झोपायचं. नवरा, तान्हं मूल, लाइट गेल्यावरचा उकाडा हे सगळं धरून विचार करा.

आता तुमच्या एजंटाचं मशीन घेऊ. साधं गणित मांडते. खौरींच्या बायकांनी रोज १० तास धरले तरी ७० दिवसांत ७०० तास उपकरण लावलं. तुमची दहा सिटिंग वीस-वीस मिनिटांची, म्हणजे एकूण ३ तास २० मिनिटं. दुसरी गोष्ट दाबाची. संशोधनात ओढ होती पाऱ्याच्या साधारण २० मिलिमीटरइतकी, त्याहून जास्त नाही, कारण जास्त झाली की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. पार्लरच्या मशीनला वीस मिनिटांत काहीतरी 'दाखवायचं' असतं, त्यामुळे ते जोरात ओढतं. एजंटाला विचारा, दाबाचा काटा कुठाय? बहुतेक मशीनवर १ ते १० असे आकडे असलेलं बटण असतं. ते आकडे कशाचे, हे बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

जोरात ओढल्यावर काय होतं ते माझ्या टेबलावर पाहिलंय. एक मुलगी आली होती, लग्न महिन्यावर आलेलं. दोन्ही स्तनांभोवती जांभळी कडी, बांगडी दाबून धरल्यासारखी गोल, आणि एका बाजूला कडेवर पाण्यानं भरलेले फोड. सिटिंग झाल्याझाल्या टेप लावला तेव्हा दीड इंच वाढ भरली होती म्हणे. भरणारच. सूज होती ती. तिसऱ्या दिवशी माप जिथल्या तिथे, कडी मात्र हळदीपर्यंत टिकली. तुमचा एजंट 'बिफोर-आफ्टर' फोटो दाखवत असेल तर दुसरा फोटो सिटिंगनंतर किती तासांनी काढला तेवढं विचारा. आणि पहिला पाळीनंतर लगेचचा नि दुसरा पाळीच्या आदल्या आठवड्यातला नाही ना, हेही. त्या आठवड्यात बहुतेकींचे स्तन जड आणि भरलेले असतात, मशीन असो वा नसो.

राहिली कायद्याची बाजू. 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' हा जाहिरातींविषयीचा कायदा १९५४पासून आहे. ज्यांच्यावर इलाजाची जाहिरातच करायची नाही अशा तक्रारींची त्यात यादी आहे. अपेंडिक्स, मोतीबिंदू, मधुमेह, आणि त्याच यादीत स्त्रीच्या छातीचा आकार आणि ठेवणही आहे. कायद्यातली औषधाची व्याख्या इतकी रुंद आहे की शरीराच्या रचनेवर परिणाम करायचा म्हणून विकलेली कुठलीही वस्तू तिच्यात बसते. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. दारावर 'छाती वाढवून मिळेल' असा बोर्ड लागेल तो तुमच्या पार्लरच्या. एजंट तोवर पुढच्या गावी.

मशीन घेऊ नका. पासष्ट हजारांत चांगली हायड्रॉलिक खुर्ची येते.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे, हॉस्टेलवर राहते. सगळ्या मुली मला 'सपाट' म्हणून चिडवतात. एका मैत्रिणीनं आयुर्वेदिक कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या, तीन महिन्यांचा कोर्स. मेथी, शतावरी आणि एक थायलंडचं मूळ आहे त्यात. नैसर्गिक आहे म्हणजे साइड इफेक्ट नसणार ना? व्यायामानं वाढते का? (लातूर)

बेटा, आधी एक विचारते : पाळी नियमित येते का? तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ सुरूच झाली नव्हती किंवा पंधरा उलटली तरी पाळी आली नव्हती, असं काही असेल तर कॅप्सूल बाजूला ठेव आणि डॉक्टरांना भेट. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तरीही. पाळी ठीक असेल तर तुझ्यात काही कमी नाही.

कॅप्सूलचं सांगते. २००३मध्ये अमेरिकेतल्या डॉ. अ‍ॅड्रियन फ्यूबर्मन यांनी बाजारातल्या अशा 'बस्ट' गोळ्यांमधली एकेक वनस्पती घेऊन शोध घेतला. मेथी, बडीशेप, हॉप्स, सॉ पाल्मेटो, असं बरंच. त्या गोळ्यांनी छाती वाढते हे दाखवणारी माणसांवरची एकही चाचणी त्यांना सापडली नाही. त्यांनी स्वच्छ लिहिलं, या वापरू नयेत. तुझ्या पाकिटावर 'क्लिनिकली प्रूव्हन' लिहिलेलं असेल तर कुठे, किती जणींवर, हे त्याच पाकिटावर शोधून बघ.

मेथीत डायोसजेनिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून हार्मोन बनतं, अशी जाहिरात असते. बनतं, पण कारखान्यात. १९४०च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञानं मेक्सिकोत रानकंदातल्या डायोसजेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवलं, एकामागून एक रासायनिक पायऱ्या करून. आपल्या पोटात ती भट्टी नाही. मेथीचे लाडू हिवाळ्यात खुशाल खा, चांगलेच असतात.

थायलंडचं मूळ हा मात्र गमतीचा भाग नाही. ते क्वाव क्रुआ, शास्त्रीय नाव प्युएरारिया मिरिफिका. त्यात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखं काम करणारी द्रव्यं खरोखर आहेत आणि तीच अडचण आहे. जपानमध्ये याच्या गोळ्या 'छाती भरते' म्हणून मुली घ्यायच्या. पाळी बिघडणं, मध्येच रक्तस्राव, पोटाचे त्रास अशा दोनशेवर तक्रारी जमल्यावर २०१७मध्ये तिथल्या सरकारी ग्राहक केंद्रानं जाहीर इशारा दिला. तुझी मैत्रीण त्या घेत असेल आणि तिची पाळी चुकली असेल तर कारण तिच्या उशाशीच आहे. तिला सांग.

व्यायामाचं उत्तर सोपं आहे. स्तनात स्नायू नसतो. आत चरबी, दुधाच्या ग्रंथी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू. स्नायू असतो तो मागे, छातीच्या फरशीला. पुशअप्स काढलेस तर तो बळकट होईल, पाठ सरळ होईल, टेपवर जरासा फरक दिसेलही, पण स्तन तेवढाच राहील. तरी पुशअप्स काढ.

आणि तुझी ठेवण तू ठरवलेली नाहीस. २०१२मध्ये सोळा हजारांहून जास्त बायकांची जनुकं तपासून छापलेल्या एका अभ्यासात स्तनांच्या आकाराशी जोडलेल्या सात जागा सापडल्या. त्या बायका युरोपीय वंशाच्या होत्या, आपल्याकडे आकडा वेगळा निघेल, पण मुद्दा तोच. आईकडून, आत्याकडून आलेलं आहे. गॅदरिंगसाठी ब्लाउज शिवायचा असेल तर शिंप्याला कटोरीऐवजी प्रिन्सेस कट सांग आणि आत कप लावून घे. शिलाई थोडी जास्त पडेल, तीन महिन्यांच्या कोर्सपेक्षा स्वस्तच.

प्रश्न : माझ्या पत्नीची छाती लहान आहे. तिला न सांगता दुधातून देता येईल असं एखादं औषध सुचवा. (नाव-गाव नाही)

सुचवणार नाही. कुणाला न सांगता औषध पाजणं गुन्हा आहे. प्रश्न तुमच्या पत्नीला असेल तर त्यांनी लिहावं, त्यांना उत्तर देईन.

प्रश्न : वय ३४, दोन मुलं, दोघांनाही दीड-दीड वर्ष अंगावर पाजलं. आता छाती रिकामी झाल्यासारखी वाटते. एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये सांगितलं की ऑपरेशन नको, फक्त इंजेक्शन, जेवणाच्या सुट्टीत होऊन जाईल. ओठांना देतात तेच फिलर, पूर्ण सुरक्षित. खरं का? (वाशी)

दूध तुटल्यावर ग्रंथी आक्रसतात, चरबी परत भरायला वेळ लागतो, म्हणून स्तन सैल वाटतात. दूध बंद होऊन वर्ष झालं नसेल तर आधी थांबा. थोडी भर आपोआप येते.

हे 'जेवणाच्या सुट्टीतलं इंजेक्शन' नवीन नाही, जगात ते येऊन गेलंय. स्वीडनमधल्या उप्सालाच्या क्यू-मेड कंपनीनं मॅक्रोलेन नावाचं फिलर काढलं होतं, ओठा-गालांत भरतात त्याच हायलुरोनिक अ‍ॅसिडचं जरा घट्ट रूप. ब्रिटनमध्ये २००८च्या सुमाराला स्तनांसाठी ते जोरात चाललं. ते वर्ष-दीड वर्षात विरून जायचं, मग पुन्हा भरायचं. पण घात केला मॅमोग्राफीनं. स्तनात जेलचे गोळे असले की क्ष-किरणांच्या चित्रात पांढरे ढग दिसतात आणि त्यामागे गाठ दडली आहे की नाही यावर रेडिओलॉजिस्टांचं एकमत होईना. २०११मध्ये फ्रान्सनं स्तनांसाठी ते बंद केलं, २०१२मध्ये कंपनीनंच स्तनांसाठीचा वापर मागे घेतला. अमेरिकेची एफडीए आजही सांगते की फिलर स्तन वाढवायला वापरू नका. तुम्ही आज ३४च्या. सहा-सात वर्षांनी कुणीतरी तुम्हाला मॅमोग्राफी लिहून देईल, तेव्हा तो ढग नको.

आणि हे त्यातल्या त्यात सौम्य उदाहरण. शंभरावर वर्षांमागे, १८९९च्या सुमाराला व्हिएन्नाच्या गेर्सुनी यांनी शरीरात पॅराफिन, म्हणजे मेणच, टोचायला सुरुवात केली आणि ते लवकरच स्तनांपर्यंत पोहोचलं. पुढे मेणाच्या गाठी झाल्या, त्वचा फाटून जखमा वाहू लागल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आणि मग लास वेगासमध्ये पातळ सिलिकॉन टोचण्याची लाट आली. त्यातल्या किती बायकांचे स्तन अखेर कापून काढावे लागले, तेव्हा कुठे १९७५मध्ये नेवाडा राज्यानं ते टोचणं गुन्हा ठरवलं. मग चीनमध्ये पॉलिअ‍ॅक्रिलामाइडचं जेल आलं, लाखो बायकांनी घेतलं, २००६मध्ये तिथल्या सरकारनं त्यावर बंदी घातली. दर वेळी पदार्थ नवा होता, 'फक्त इंजेक्शन' हे शब्द तेच होते. टोचलेलं आत पसरतं, एका जागी राहत नाही, म्हणून ते काढताना चांगला भागही जातो. सिलिकॉनचा इम्प्लांट निदान पिशवीत असतो, बाहेर काढता येतो.

क्लिनिकवाले कदाचित दुसरा पर्याय सांगतील, तुमचीच पोटाची चरबी काढून छातीत भरू. त्यात तथ्य आहे. १९८७मध्ये अमेरिकन प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेनं याला सरळ विरोध केला होता, कर्करोग ओळखणं अवघड होईल म्हणून. २००९मध्ये नवे पुरावे पाहून त्यांनी भूमिका सैल केली. वर इचलकरंजीच्या उत्तरात सांगितलेले खौरी शेवटी इथेच पोहोचले. घुमट लावून आधी जागा ताणायची, मग तिथे चरबी पेरायची. २०१२मध्ये त्यांनी अशा ८१ जणींचा अहवाल छापला. पण चरबी काढायला भूल लागते, नळ्या घालाव्या लागतात, टोचलेल्या चरबीचा बराच भाग शरीर खाऊन टाकतं आणि काही वेळा तिथे तेलाच्या गाठी किंवा खडे होतात. हे ऑपरेशनच आहे. करायचंच असेल तर प्लास्टिक सर्जनकडे, ऑपरेशन थिएटरमध्ये, आधी सोनोग्राफी करून. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच ही पदवी आहे का ते भिंतीवरच्या फ्रेममध्ये वाचून घ्या. कोर्सची सर्टिफिकेटं वेगळी.

प्रश्न : नाशिकमध्ये एका ऑनलाइन कोर्सची जाहिरात आहे, मनाच्या शक्तीनं आणि कल्पनाचित्रांनी स्तनवाढ, २१ दिवस. थापा ना? की यावरही संशोधन आहे? (नाशिक)

हसू नका, यावरही संशोधन आहे! १९७७मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल हिप्नोसिस'मध्ये विलार्ड यांचा निबंध आला. १९ ते ५४ वयाच्या २२ बायका, १२ आठवडे. डोळे मिटून पडायचं, छातीवर ऊन ओला टॉवेल ठेवलाय अशी कल्पना करायची, रक्त तिकडे धावतंय असं मनात आणायचं. शेवटी घेर सरासरी १.३७ इंच वाढल्याची नोंद आहे. पुष्कळजणींनी मोठी ब्रा घेतली म्हणे.

मला हा निबंध फार आवडतो, कारण विद्यार्थ्यांना शिकवायला त्याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. मी वर्गातल्या एका मुलाला उभं करते, छातीला टेप लावते आणि खोल श्वास घ्यायला सांगते. चार-पाच सेंटिमीटर सहज वाढतात. १.३७ इंच म्हणजे साडेतीन सेंटिमीटर. त्यात तुलनेला दुसरा गट नाही. ज्या बाईनं बारा आठवडे 'वाढतंय, वाढतंय' म्हटलंय, ती टेप लावताना छाती आत घेऊन उभी राहील का? तेव्हापासून जवळपास अर्धं शतक झालं. यात काही असतं तर आजवर एखाद्या मेडिकल कॉलेजात त्याचा विभाग निघाला असता.

कोर्स करून ताण कमी होत असेल, झोप लागत असेल तर करा, फी परवडते का बघा. माप घेऊ नका.

प्रश्न : सून सात महिन्यांची गरोदर आहे. तिची छाती अगदीच लहान. बाळाला दूध पुरेल का ही काळजी लागली आहे. वाढीसाठी आत्तापासून काही द्यावं का? (म्हसवड)

काही देऊ नका, आणि ही काळजी तिच्यासमोर तर बोलूच नका. स्तनाचा आकार मुख्यतः चरबीवर ठरतो, दूध बनतं ग्रंथीत. ऑस्ट्रेलियात पर्थला पीटर हार्टमन यांच्या गटानं हे मोजूनच पाहिलंय. पाजण्याआधी आणि पाजल्यावर स्तनांवर प्रकाशाच्या पट्ट्या टाकून कॅमेऱ्यानं आकारमान काढायचं. त्यात दिसलं की एका वेळी साठणारं दूध बाईगणिक खूप वेगळं असतं, पण दिवसभरात बनणाऱ्या दुधाचा त्याच्याशी संबंध नाही. साठा कमी असलेली आई जास्त वेळा पाजते, बाळाला मिळायचं तेवढं मिळतं.

म्हणून तासांचं वेळापत्रक लावू नका. नवजात बाळ दिवसात आठ ते बारा वेळा पितंच. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा वेळा तरी लंगोट ओला होतो का तेवढं बघा. गरोदरपणात तिची छाती जराही भरली नाही, दुखलीही नाही, किंवा दोन्ही स्तन एकमेकांपासून फार लांब आणि नळीसारखे अरुंद असतील, तर आताच्या तपासणीत डॉक्टरांना दाखवून ठेवा. अशा थोड्या बायकांत ग्रंथीच कमी असतात आणि सुरुवातीपासून मदत लागते. बाकी अळीव, डिंकाचे लाडू बाळंतपणात घालाच. त्यात लोह, तूप, कौतुक सगळं असतं.

प्रश्न : मी ट्रान्स स्त्री आहे, वय २६. ओळखीतल्या मोठ्या बहिणींच्या सांगण्यावरून मेडिकलमधून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेते, रोज तीन-चार. आठ महिने झाले, थोडी वाढ झाली, आता थांबल्यासारखी वाटते. डोस वाढवू का? (ठाणे)

वाढवू नका. आणि आज ज्या घेता त्याही एवढ्या नकोत. या गोळ्यांतलं इथिनिल इस्ट्रॅडिओल हे इस्ट्रोजेन पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी करू शकतं, ती फुप्फुसात गेली तर जीव जातो. तुमच्यासाठीच्या उपचारांत आता ते वापरतच नाहीत, वेगळं इस्ट्रोजेन देतात, रक्त तपासून डोस ठरवतात. सिगारेट असेल तर धोका आणखी. पोटरी एकाच पायाची सुजली, दुखली, किंवा अचानक दम लागला तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

वाढ थांबल्यासारखी वाटते ते मात्र अपेक्षितच आहे. युरोपातल्या काही केंद्रांनी मिळून २२९ ट्रान्स स्त्रियांचं योग्य देखरेखीखालच्या हार्मोन उपचाराचं पहिलं वर्ष मोजलं, २०१८मध्ये ते छापून आलं. छातीचा खालचा घेर आणि स्तनांवरचा घेर यातला फरक वर्षाअखेरीस सरासरी ७.९ सेंटिमीटर होता, आणि त्यातली बहुतेक वाढ पहिल्या सहा महिन्यांतच झाली होती. जवळपास निम्म्या जणींचं माप सगळ्यात लहान कपापेक्षाही कमी भरलं. म्हणजे तुमचं शरीर काही वेगळं वागत नाहीये. चार गोळ्यांच्या सहा केल्यानं छाती नाही, धोका वाढेल. सरकारी मेडिकल कॉलेजच्या एंडोक्रायनॉलॉजी, म्हणजे हार्मोनच्या विभागात जा आणि किती गोळ्या, किती महिने, हे खरं सांगा. पहिल्या डॉक्टरनं नीट वागवलं नाही तर दुसरीकडे जा, पण मेडिकलच्या काउंटरवर परत जाऊ नका.

(याच उत्तरात लातूरच्या मुलीसाठीही एक गोष्ट आहे. हार्मोनचा पूर्ण डोस, देखरेख, वर्षभराचा काळ, एवढं करूनही शरीर एवढंच देतं. तिच्या अंगात तर ते हार्मोन वयात आल्यापासून आहेच. कॅप्सूल त्यात काय भर घालणार?)

प्रश्न : माझं वय ४१. डावी बाजू पहिल्यापासून जराशी मोठी होती. गेल्या तीन-चार महिन्यांत उजवी वाढून डावीच्या बरोबरीला आली. मैत्रिणी म्हणतात, बरंच झालं, फुकटात झालं. दुखत नाही. दाखवायला हवं का? (रत्नागिरी)

हो, या आठवड्यातच. दोन्ही बाजू सारख्या नसणं नेहमीचं आहे, डावी किंचित मोठी असणं तर फारच. पण चाळिशीनंतर एकच बाजू काही महिन्यांत बदलली तर ती आपली आपण 'बरी झाली' असं धरायचं नाही. दुखत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, दुखणाऱ्या गाठी पुष्कळदा साध्याच निघतात. आरशासमोर दोन्ही हात वर करून बघा, कुठे त्वचा आत ओढली जातेय का, संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे आहेत का, बोंड आत वळलंय का. दिसलं नाही तरी जायचंच आहे. सर्जनकडे हातानं तपासणी, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात मॅमोग्राफी केली तर दाबताना कमी दुखतं, पण ती तारीख लांब असेल तर थांबू नका. आधीचा एखादा रिपोर्ट किंवा फिल्म घरात असेल तर सोबत न्या, आणि मधल्या काळात कसलं तेल, क्रीम किंवा गोळ्या घेतल्या असतील तर तेही केसपेपरवर लिहायला सांगा.